रात्री अडीच वाजता पल्स मोजणाऱ्या सिस्टरांना

नमस्कार सिस्टर,

मागच्या पावसाळ्यात सर्जरी वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर माझे बाबा होते. साताऱ्याकडचे, टोपी घडी करून उशीखाली ठेवणारे. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. डावीकडचा भाग काढून दोन टोकं जोडली होती. एवढ्या पेशंटमधून आम्ही तुमच्या लक्षात असू की नाही कोण जाणे, पण आमच्या घरात तुमची आठवण निघाली नाही असा आठवडा जात नाही.

चौथ्या दिवशी आम्ही सगळे खूश होतो. गॅस पास झाला होता, पेज सुरू झाली होती, आईने गावी फोन करून "रविवारपर्यंत येतोच" असं सांगूनही टाकलं होतं. संध्याकाळपासून मात्र बाबा गप्प झाले. पेज नको म्हणाले, उचकी लागली, मग डावा खांदा दुखतो म्हणाले. एका कुशीवर पडून अवघडला असेल, असं मला वाटलं. अंगात म्हणावा असा तापही नव्हता.

रात्री अडीचच्या सुमाराला तुम्ही आलात. बोटाला लावलेल्या मशीनवर आकडा दिसतच होता, तरी तुम्ही बाबांचं मनगट धरलंत आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजलंत. ११८. मग खाटेच्या पायथ्याचा चार्ट काढलात, मागची पानं उलटलीत आणि पेनाचं टोक एकेका आकड्यावर टेकवत गेलात. ८४, ९२, १०४. सुटा पाहिला तर यातला एकही आकडा फार घाबरवणारा नव्हता. तुम्ही ते सलग वाचलेत. पांघरूण बाजूला करून पोटावर हात ठेवलात, बाबा कळवळले, आणि तुमचा चेहरा बदलला.

तुम्ही डॉक्टरांना फोन केलात. ईसीजी निघाला, तो ठीक होता. मला हायसं वाटलं. तुम्हाला नाही वाटलं. तुम्ही ड्युटीवरच्या डॉक्टरांना पुन्हा फोन लावलात. तुमचं वाक्य मला शब्दशः आठवतं: "हार्ट ठीक आहे, म्हणूनच मला पोटाची काळजी वाटतेय. सीनियर सरांना उठवू या."

पहाटे रक्त तपासायला गेलं, सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारा आकडा, खूप वाढलेला आला. सीटी स्कॅनमध्ये दिसलं की आतड्याचा जोड एका बाजूने सुटलाय. नऊच्या आत बाबा पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये होते. पोट धुतलं, जोड काढला, वरचं टोक पोटावर आणून स्टोमा केला, म्हणजे शौच पिशवीत जाण्यासाठी पोटावर तोंड काढलं. हार्टमन नावाच्या फ्रेंच सर्जनने १९२१ साली मांडलेली ही पद्धत, असं सरांनी नंतर समजावून सांगितलं. जोड सुटणं हे निष्णात हातांच्या बाबतीतही होतं, हेही सांगितलं. त्या जागचा रक्तपुरवठा, आधी घटलेलं वजन, बाबांची चाळीस वर्षांची बिडी, कशाकशाचा हिशेब असतो त्यात. दोष कुणाचाच नव्हता.

मी नंतर बरंच वाचलं. २००९ साली अमेरिकेत ८४ हजारांहून जास्त ऑपरेशनच्या पेशंटांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सगळ्यात कमी मृत्यू होणारी हॉस्पिटलं आणि सगळ्यात जास्त मृत्यू होणारी हॉस्पिटलं, या दोन्ही गटांत साधारण चौथा हिस्सा पेशंटांना गुंतागुंत झाली होती. म्हणजे जवळजवळ सारखीच. पण मोठी गुंतागुंत झालेल्यांपैकी दगावले किती? पहिल्या गटात १२.५ टक्के, दुसऱ्यात २१.४. याला डॉक्टरमंडळी 'फेल्युअर टू रेस्क्यू', म्हणजे वाचवण्यात आलेलं अपयश, म्हणतात. गुंतागुंत सगळीकडेच होते. ती वेळेत कुणाच्या ध्यानात येते आणि पुढे किती भरभर हालचाल होते, यात माणूस जगतो किंवा जातो. ते आकडे वाचताना मला तुमच्या पेनाचं टोकच दिसत होतं.

आणि गोष्ट तेवढ्या रात्रीपुरतीही नव्हती, सिस्टर. काढलेल्या भागाच्या रिपोर्टमध्ये दोन लसिका गाठींत (लिम्फ नोड्समध्ये) कॅन्सर निघाला. म्हणजे तिसरी स्टेज, केमो हवीच. ती ऑपरेशननंतर साधारण आठ आठवड्यांच्या आत सुरू झालेली बरी. २०११ साली दहा अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा दर चार आठवड्यांच्या उशिरामागे मृत्यूचा धोका सुमारे १४ टक्क्यांनी वाढलेला दिसला होता. जोड सुटलेल्या कित्येक पेशंटांची केमो लांबते, काहींची होतच नाही, कारण अंगात ताकदच उरत नाही. पोटात पू आणखी दोन दिवस साचला असता तर बाबांचंही तेच झालं असतं. ते तीन दिवस आयसीयूत राहिले आणि सातव्या आठवड्यात केमोच्या खुर्चीत बसले. ऑक्झालिप्लॅटिन या केमोच्या औषधाने बोटांना मुंग्या येत, गार पाण्याला हात लावता येत नसे, पण चारही सायकल पूर्ण झाल्या.

स्टोमाची सुरुवातीला आईलाच जास्त धास्ती होती. आता पिशवीची चकती कापण्यात तिचा हात असा बसलाय की ती मला शिकवते. बाबांनी आतडं पुन्हा जोडायचं तिसरं ऑपरेशन नको, पिशवीच राहू दे असं ठरवलंय. रोज शेतावर जातात. बिडी सुटली.

डिस्चार्जच्या दिवशी मी पेढे घेऊन वॉर्डात आले होते. तुमची नाइट संपून तुम्ही घरी गेला होतात. पेढे टेबलावर ठेवले, पण बोलायचं होतं ते राहून गेलं. एवढ्या दोन शब्दांसाठी हे सगळं लिहिलं: तुमचे आभार. सरांचे आभार सगळेच मानतात, आम्हीही पाया पडून मानले. पण दुसऱ्यांदा फोन तुम्ही केला होतात.

पुढच्या महिन्यात बाबांची वर्षाची कोलोनोस्कोपी आहे. त्या आठवड्यात तुमची दिवसपाळी असली तर आम्ही तिघं वॉर्डात येऊन जाऊ. आईने तुमच्यासाठी घरच्या घेवड्याचं बी बाजूला काढून ठेवलंय.

तुमच्या पेशंटची मुलगी