फिटनेस प्रशिक्षकाच्या परीक्षेची तयारी उशीवर नको

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

व्यायामशाळेत शिकवणारी मुले-मुली आता रीतसर प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसू लागली आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. मी साताऱ्यात बारा वर्षे हेच काम करतो आणि संध्याकाळची बॅच आटोपल्यावर अशा परीक्षार्थींची उजळणी घेतो. त्यांच्या तयारीत राहून जाणाऱ्या काही गोष्टींकडे मी आपल्या पत्रातून लक्ष वेधू इच्छितो.

लेखी भागाची तयारी बहुतेकांची चोख असते. स्नायूंची नावे तोंडपाठ असतात, प्रश्नसंच दोन-दोनदा सोडवून झालेले असतात. अडचण येते ती समोर प्रत्यक्ष माणूस उभा राहिला की. गेल्या महिन्यात एका हुशार मुलाला मी माझी नाडी मोजायला सांगितली, तेव्हा त्याने मनगटावर अंगठा टेकवला आणि 104 असा आकडा सांगितला. माझी नाडी 68 होती. त्याने मोजले ते परीक्षेच्या धास्तीने वाढलेले स्वतःचेच ठोके. नाडी तर्जनी आणि मधल्या बोटाने पाहायची असते हे त्याने वाचलेले होते, परंतु हाताला ते वळण पडलेले नव्हते.

याहून गंभीर बाब पूर्वतपासणीची आहे. व्यायाम सुरू करण्यापूर्वी भरून घ्यावयाच्या ‘पार-क्यू’ प्रश्नावलीत छातीत दुखते का, असे विचारलेले असते. आमच्याकडचा पंचावन्न वर्षांचा शेतकरी त्यावर सरळ ‘नाही’ म्हणतो. त्यालाच ‘चढ चढताना छाती भरून येते का, थांबल्यावर मोकळं वाटतं का?’ असे विचारले, तर ‘हो, पण तो गॅस असतो’ असे उत्तर येते. अशा माणसाला त्या दिवशी एकही व्यायाम न देता आधी डॉक्टरांकडे पाठवायला हवे, आणि हे ज्याला उमगत नाही त्याने परीक्षेत कितीही गुण मिळवले तरी त्याच्या हाती लोकांना सोपवायला माझे मन धजत नाही. प्रश्न आपल्या माणसांच्या बोलीत विचारण्याचा सराव हा तयारीचा मुख्य भाग व्हावा, असे मला कळकळीने वाटते.

व्यायामात हृदयाचे ठोके मिनिटाला जास्तीत जास्त किती वाढू शकतात, याचा अंदाज देणाऱ्या ‘220 वजा वय’ या सूत्राचेही तसेच. साठीच्या गृहस्थांसाठी 160 हे उत्तर परीक्षेपुरते बरोबर आहे. पण ते रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातली गोळी घेत असतील, तर त्यांचे ठोके तितके वाढतच नाहीत, आणि आकडा गाठण्यासाठी ताण वाढवत नेणे धोक्याचे ठरते. व्यायाम करताना त्यांना सलग वाक्य बोलता येते का, एवढे पाहणे तिथे अधिक उपयोगी पडते.

सीपीआरचा, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याचा, सराव तर अनेक मुले घरी उशीवर करतात. छातीच्या मध्यभागी किमान 5 सेंटीमीटर, पण 6 पेक्षा जास्त नाही इतका दाब, मिनिटाला 100 ते 120 वेळा, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देणे, यांतले काहीही उशी शिकवू शकत नाही. सराव-पुतळ्यावर सलग दोन मिनिटे दाब दिल्यावर खांदे कसे भरून येतात, हे ज्याने अनुभवले आहे तोच वेळेवर दुसऱ्याला मदतीला बोलावतो आणि 108 ला फोन करायला सांगतो.

यासाठी प्रशिक्षण केंद्रांनी परीक्षेआधीचे निदान चार दिवस सराव-पुतळा परीक्षार्थींना खुला ठेवावा. अमरावतीचे 1914 पासूनचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ किंवा कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी 1924 साली पुण्यात स्थापन केलेले महाराष्ट्रीय मंडळ यांसारख्या जुन्या संस्थांनी डॉक्टरांच्या साहाय्याने पूर्वतपासणीची प्रश्नावली सोप्या, बोली मराठीत तयार करून द्यावी, ही माझी नम्र विनंती आहे. शेतकऱ्यांशी आणि गृहिणींशी बोलून जमवलेले अशा प्रश्नांचे माझे टिपण त्या कामी उपयोगी पडणार असेल, तर ते मी आनंदाने देईन.

आपला विश्वासू,
एक व्यायाम प्रशिक्षक, सातारा