मी कुठल्या पक्षाची?

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न वाचला. घरात कोकणी, वाचन आणि भजन मराठीत. मुरगाव बंदरातला कोळसा नको, देवस्थान हवं, चर्चच्या शाळेला अनुदान मिळालं तरी हरकत नाही. हे सगळं एकत्र मानणारा पक्ष गोव्यात नाही, मग मी कोण, असं विचारतेस. बाय, तू गोव्याची अगदी नेहमीची मतदार आहेस.

१९६७ सालचं बघ. १६ जानेवारीला जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, वेगळं राहायचं तर दोन पानं. पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. विलीनीकरण ३४,०२१ मतांनी हरलं. आणि मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा विलीनीकरण हाच ज्याचा झेंडा, त्या महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्षाला ३० पैकी १६ जागा! बाहेरची माणसं याला गोंधळ म्हणतात. मला त्यात गोंधळ दिसत नाही. मगोचे नेते, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्याकडे लोक कुळांच्या हक्कासाठी आणि गावोगावच्या मराठी शाळांसाठी बघत होते. विलीनीकरणाचा प्रश्न कौलाने मिटला, भाटकाराचा, म्हणजे जमीनदाराचा, मिटला नव्हता.

भाषेचंही तसंच. १९८७च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामात जागा मिळाली. त्या वादात शशिकलाताई काकोडकर मराठीच्या बाजूला, उदय भेंब्रे कोकणीच्या. पुढे २०११मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरलं, तेव्हा त्याला विरोध करणाऱ्या भारतीय भाषा सुरक्षा मंचावर दोघंही एकत्र. त्या चळवळीतून निघालेला गोवा सुरक्षा मंच पक्ष म्हणून २०१७ला लढला आणि त्याची एकही जागा आली नाही. एका मुद्द्यावर जमलेली माणसं दुसऱ्या मुद्द्यावर आपापल्या वाटेने जातात. सत्तरी तालुक्यातल्या शेळ-मेळावलीत आयआयटी नको म्हणून लोक उठले, जानेवारी २०२१मध्ये सरकारला ती जागा सोडावी लागली. वर्षभराने ते गाव ज्यात येतं त्या वाळपई मतदारसंघात पुन्हा सत्ताधारी पक्षाचाच उमेदवार जिंकला. ते आंदोलन जमिनीसाठी होतं, पक्षाविरुद्ध नव्हतं.

आता कामाचं. पहिली खूणगाठ ही बांध की आपल्याकडे मत माणसाला दिलं तरी सभागृहात हात पक्षाचा वर होतो. १९८५पासून घटनेत दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा, आहे. पक्षादेश मोडून आमदाराने मत दिलं आणि पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केलं नाही, तर त्याची आमदारकी जाऊ शकते. म्हणजे तुझ्यासारखा, चौकटीत न बसणारा एकटा आमदार या कायद्यात पहिला सापडतो. पण दोन तृतीयांश आमदार मिळून दुसऱ्या पक्षात ‘विलीन’ झाले तर कुणालाच काही होत नाही. जुलै २०१९मध्ये काँग्रेसच्या १५पैकी १० जण भाजपमध्ये गेले, बरोब्बर दोन तृतीयांश. सप्टेंबर २०२२मध्ये पुन्हा काँग्रेसच्याच ११पैकी ८ गेले. सातच गेले असते तर अडकले असते, म्हणून आठव्याची वाट बघावीच लागते. त्याच वर्षी जानेवारीत पणजीच्या महालक्ष्मीपुढे, बांबोळीच्या खुरसापाशी (क्रॉसपाशी) आणि बेतीच्या दर्ग्यात काँग्रेसच्या उमेदवारांच्या पक्ष न सोडण्याच्या शपथा झाल्या होत्या. शपथेला कायद्यात किंमत नाही, आकड्याला आहे.

मग अपक्षाला द्यावं? निवडून आल्यावर अपक्ष कुठल्याही पक्षात शिरला तर आमदारकी जाते, हे खरं. पण बाहेरून पाठिंबा द्यायला त्याला मोकळीक आहे. २०२२ला तीन अपक्ष आले आणि तिघांनीही भाजप सरकारला पाठिंबा दिला. तेव्हा अपक्षाला प्रचारातच विचारावं, विधानसभा त्रिशंकू झाली तर कुणाकडे जाणार? तो हसून विषय बदलतो की नाव घेतो, एवढं बघ.

मला वाटतं, तुझी खरी अडचण पक्षाची नाहीच. सगळे मुद्दे एकाच मतात कोंबायला जातेस, तिथे घोळ होतो. कुठला प्रश्न कुठे सुटतो ते आधी वेगळं कर. बांधकामाचा परवाना आणि कचरा पंचायतीत. तिथे पक्षाची चिन्हं नसतात (पॅनेलं असतात, आणि कुणाचं पॅनेल कुणाचं हे वाड्यावरच्या पोराला विचारलं तरी कळतं). ग्रामसभेला मतदार म्हणून तुला स्वतः बसता येतं, फक्त ठराव इतिवृत्तात आला की नाही ते पुढच्या सभेत बघायचं, कारण तिथेच ठराव गळतात. शाळांचं अनुदान, मुंडकारांची (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांची) घरं, जमिनीचा झोन (ती शेतीची की बांधकामाची) हे विधानसभेत. मुरगाव बंदरातला कोळसा आणि रेल्वेचा दुसरा रूळ हे मुख्यतः दिल्लीच्या हातात. आमदाराला कोळशावर शिव्या घालून पुढचं हलत नाही, तो प्रश्न लोकसभेच्या उमेदवाराला विचारायचा.

प्रत्येक पातळीसाठी तुझे दोनच मुद्दे निवड, जिथे तू हटणार नाहीस असे. पाच घेतलेस तर एकही उमेदवार उरणार नाही. मग उमेदवाराचं नमुना २६चं प्रतिज्ञापत्र उघड. ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतं. खटले, मालमत्ता, सरकारी देणी त्यात असतात. जमिनींची यादी नीट वाच, झोन बदलाबद्दल गप्प बसणाऱ्याची शेतजमीन कुठे आहे ते त्यातच सापडतं. जुना आमदार असेल तर त्याने विधानसभेत कुठले प्रश्न विचारले तेही बघ. पाच वर्षांत तुझ्या दोन मुद्द्यांवर एकही प्रश्न नसेल तर भाषणं ऐकायची गरज नाही.

‘नोटा’बद्दल विचारलंस. विधानसभेत नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली तरी त्याच्या खालोखाल मतं घेणारा उमेदवारच निवडून येतो. अनामत जप्तीसाठी एकूण वैध मतांचा सहावा भाग मोजतात, त्यात नोटा धरत नाहीत. राग काढायला ठीक आहे. पण आपले मतदारसंघ लहान. २०२२ला सांत आंद्रेत ७६ मतांनी निकाल लागला, पणजीत ७१६ मतांनी. एवढ्या अंतरात दोन नावडत्यांतला कमी नावडता निवडणं हेही मतच आहे.

ता. क. पुण्याच्या वसतिगृहाच्या पत्त्यावर नाव घालायचं असेल तर नमुना ६ पुन्हा भरू नकोस, तो नव्या मतदारासाठी. स्थलांतराला नमुना ८. दोन्हीकडे नाव ठेवायला कायद्याने मनाई आहे. माझं मत, नाव इथेच ठेव आणि मतदानाला ये. यादीत नाव आहे ना, हे निवडणूक जाहीर होण्याआधी बघून घे, उमेदवारी अर्जांची मुदत संपली की नाव घालता येत नाही.

तुझे,
बाबा