मोर्सची कविता आणि गाळलेल्या ओळी

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

‘इन्स्पेक्टर मोर्स’ या ब्रिटिश रहस्यमालिकेवरचा लेख रविवारच्या पुरवणीत वाचला. इतक्या जुन्या मालिकेवर मराठीत कुणाला लिहावेसे वाटले याचा आनंद झाला, पण तो दुसऱ्या परिच्छेदापर्यंतच टिकला. खुनाचा तपास चालू असताना पोलीस अधिकाऱ्याने कवितांचे दाखले देत बसणे हा निव्वळ वेळकाढूपणा आहे आणि ते दाखले कापले तर प्रत्येक भाग आटोपशीर होईल, असा निर्वाळा आपल्या समीक्षकांनी दिला आहे. त्यासाठी त्यांनी उदाहरण निवडले ते नेमके अशा भागाचे, की तो भाग नीट पाहिला असता तर हे वाक्य त्यांच्या हातून लिहिलेच गेले नसते.

तो भाग अखेरचा, 2000 सालचा. मोर्सचा मृत्यू होतो हे आपण मथळ्यातच छापले असल्यामुळे मला ते लपवण्याचे कारण उरलेले नाही. मात्र रहस्यमालिकेवरील लेखाला असा मथळा द्यायला नको होता, हे नोंदवून ठेवते. या भागात मावळतीच्या वेळी मोर्स आणि त्याचा सहकारी लुईस उघड्यावर बसले असताना मोर्स इंग्रज कवी ए. ई. हाऊसमन यांच्या कवितेचे शेवटचे कडवे म्हणतो. भागाचे नावही त्याच कडव्यातून घेतलेले आहे. कविता एका दिवसाची आहे. सकाळी माणूस ठरवतो, की आजपासून नीट वागेन, वाया गेलेले दिवस भरून काढेन, आजवर न पाळलेला शब्द पाळेन; आणि संध्याकाळी तोच दिवस आभाळ रक्ताळून, पश्चात्तापाने जड होऊन मावळतो. मोर्स मावळतीचे तेवढे कडवे म्हणतो, सकाळचा निश्चय उच्चारत नाही. तब्येत ढासळलेली असूनही पेला न सोडणाऱ्या, आयुष्यभर एकटा राहिलेल्या या माणसाला आपली सकाळ केव्हाच उलटून गेली आहे हे उमगलेले असते, आणि ते त्याला लुईससारख्या जिवाभावाच्या माणसाजवळही स्वतःच्या शब्दांत बोलता येत नाही. हा प्रसंग कापला तर उरेल तो फक्त खुनी कोण याचा खुलासा.

हाऊसमनच का, याचेही उत्तर आहे. ही मालिका ज्यांच्यावरून बेतली त्या कॉलिन डेक्स्टर यांच्या कादंबऱ्यांतला मोर्स ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात शिकला आणि प्रेमभंगापायी परीक्षेत नापास होऊन पदवी न घेताच बाहेर पडला. हाऊसमनही त्याच कॉलेजचे. 1881 मध्ये तेही अंतिम परीक्षेत नापास झाले, नंतर लंडनच्या पेटंट कचेरीत त्यांनी कित्येक वर्षे नोकरी केली आणि 1892 मध्ये ते लॅटिनचे प्राध्यापक झाले. ही कविता तर 1936 मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाली. एक नापास विद्यार्थी दुसऱ्या नापास विद्यार्थ्याच्या ओळी म्हणतो आहे, आणि तेही दोघांच्या अपयशाच्या गावीच, ऑक्सफर्डमध्ये. याला वेळकाढूपणा म्हणावे काय?

माझा राग केवळ या लेखापुरता नाही, हेही स्पष्टच सांगते. मागे मराठी रंगभूमी दिनानिमित्त मी आपल्या दैनिकाला पत्र पाठवले होते. हरिपूरच्या गो. ब. देवलांनी ‘संगीत शारदा’मध्ये एका पदातून पात्राचा सगळा स्वभाव कसा उभा केला, हे मी त्यात दोन ओळी देऊन दाखवले होते. पत्र छापून आले, पण त्या दोन ओळी गाळून. ‘या ओळी पाहाव्यात’ एवढे शब्द तसेच राहिले आणि त्यांच्याखाली थेट मोकाट कुत्र्यांच्या उपद्रवाविषयीचे दुसऱ्या वाचकाचे पत्र सुरू झाले. ओळखीच्या लोकांनी फोन करून कोणत्या ओळी, असे विचारले तेव्हा मला अतिशय वाईट वाटले. आपल्या कार्यालयात चौकशी केली असता, पद्याला जागा फार लागते आणि वाचक ते ओलांडून पुढे जातात, असे उत्तर मिळाले. विष्णुदास भाव्यांनी ज्या सांगलीत 1843 मध्ये ‘सीतास्वयंवर’ उभे केले, तिथला वाचक पद्य ओलांडून जातो असे आपण कशाच्या आधारावर ठरवलेत? शारदेतली पदे काढून उरलेले गद्य कुणी रात्रभर बसून ऐकले असते, असे मला वाटत नाही. त्याच दैनिकात आज मालिकेतल्या कवितेवरही कात्री चालवण्याचा सल्ला छापून यावा, याचे म्हणूनच मला आश्चर्य वाटले नाही. या पत्रातील मजकूर जागेअभावी कमी करायचा झाल्यास माझे पहिले चार शब्द खुशाल गाळावेत, हाऊसमन आणि देवल यांना हात लावू नये.

जाता जाता आणखी एक. डेक्स्टर स्वतः शब्दकोडी सोडवण्यात तरबेज होते आणि मोर्स व लुईस ही दोन्ही नावे त्यांनी कोड्यांच्या स्पर्धेतील आपल्या प्रतिस्पर्ध्यांवरून घेतली होती. लेखात याचा उल्लेखही नाही. आपल्या पुरवणीतले शब्दकोडे तर अलीकडे इतके आकसले आहे की एका चौकटीत जोडाक्षर लिहायला पेन्सिलीला टोक काढून बसावे लागते, आणि उत्तरे त्याच पानावर छापली जात असल्याने नजर चुकून तिकडे जातेच. कोडे पूर्वीच्या आकारात द्यावे आणि उत्तरे पुढच्या रविवारी छापावीत, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
विश्रामबाग, सांगली