रबाळे लोकलमधल्या काकांस

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहिलं, म्हणून हे पत्र असं उघड्यावर.

गेल्या महिन्यात संध्याकाळच्या ठाणे लोकलमध्ये रबाळ्याला चढलेली, फोनवर तावातावानं बोलणारी मुलगी आठवते का? ती मी. अमेरिकेतल्या साहेबाचा मेल आला होता, 'लेट्स टेबल द मायग्रेशन प्लॅन.' मी टीमला सांगत होते, गुरुवारी प्लॅन टेबल करायचाय, आज रात्री जागावं लागणार. पाचही जण वैतागलेले.

फोन ठेवल्यावर तुम्ही विचारलंत, "तुमचा साहेब कुठला? इंग्लंडचा की अमेरिकेचा?"

"अमेरिकेचा."

"मग घरी जाऊन झोपा."

खरं सांगते, राग आला होता. पण तुम्ही घडी केलेला पेपर मांडीवर ठेवलात. "हे इंग्रजांचं टेबल. आपण त्यांच्याकडूनच घेतलं. अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवला, म्हणजे सगळ्यांसमोर आणला." मग तोच पेपर पिशवीत, डब्याच्या खाली कोंबलात. "आणि हे अमेरिकेचं." म्हणजे बासनात! त्यांच्या प्रतिनिधिगृहात ठराव टेबल झाला की बहुधा संपलाच, हेही तुम्हीच सांगितलंत. विधिमंडळाच्या कामकाजाचे कागद आयुष्यभर हाताळलेला माणूस शेजारी बसलाय, हे मला ऐरोली गेल्यावर कळलं.

चर्चिलचा किस्सा तर मी आता ऑफिसात सगळ्यांना ऐकवते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश अधिकारी म्हणाले, हा कागद तातडीचा आहे, टेबल करू. अमेरिकन म्हणाले, छे, मुळीच नाही. कडाक्याचं भांडण झालं आणि शेवटी लक्षात आलं, की दोघांनाही तो कागद चर्चेलाच हवा होता. चर्चिलनं स्वतःच हे आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय, म्हणून बरं. नाहीतर गाडीतली थाप वाटली असती.

ठाण्याला दहा नंबरच्या फलाटावर उतरल्या उतरल्या मी साहेबाला मेल टाकला, गुरुवारी मांडू की पुढे ढकलू? उत्तर एका ओळीत आलं: पुढच्या क्वार्टरला बघू. त्या रात्री आम्ही पाच जण वेळेवर जेवलो. आईला वाटलं, नोकरी गेली.

त्यासाठी मनापासून आभार. घाईत तेवढं म्हणायचं राहिलं, तुम्ही गर्दीत कधी दिसेनासे झालात कळलंच नाही. अजून त्याच डब्यात चढते. कधी भेटलात तर एक विचारायचंय: साहेब आता 'सर्कल बॅक' करू म्हणतोय. जागायचं की झोपायचं?

तुमची,
रबाळ्याला चढणारी