जलस्नेही मोनोमरवर सरसकट ठपका नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या पुरवणीत भिंतीच्या रंगांविषयी आलेल्या लेखात, पाण्याची ओढ असलेला (जलस्नेही) कोणताही घटक रंगात असला की भिंत ओल धरणारच, असे सरसकट विधान आहे. ते अर्धेच खरे आहे.

इमल्शन रंगातला बाइंडर, म्हणजे रंग भिंतीला धरून ठेवणारा घटक, हे पाण्यात तरंगणाऱ्या, नॅनोमीटरमध्ये मोजाव्या लागणाऱ्या पॉलिमर कणांचे दुधासारखे मिश्रण, म्हणजेच लॅटेक्स असते. स्टायरिन, ब्यूटाइल अ‍ॅक्रिलेट अशा पाण्याशी न जमणाऱ्या मोनोमरपासून (ज्यांच्या जोडणीतून पॉलिमरची साखळी बनते त्या लहान रेणूंपासून) झालेले हे कण संरक्षणाविना एकमेकांना चिकटतात आणि गाळणीच्या जाळीवर गुठळ्या उरतात. म्हणून सर्फॅक्टंट, म्हणजे साबणासारखा पदार्थ, घालतात. पण तो कणाला केवळ वरवर धरून असतो, आणि रंग नीट वाळण्याआधी सर आली की विरघळून भिंतीवर चिकट, चकाकते ओघळ सोडतो.

अ‍ॅक्रिलिक आम्लासारखा जलस्नेही मोनोमर मात्र पॉलिमरच्या साखळीतच गुंफला जातो. एकूण मोनोमरच्या १ ते ३ टक्के एवढाच तो असला, तरी पाण्याच्या ओढीमुळे त्याचे कार्बोक्सिल (आम्लधर्मी) गट कणाच्या पृष्ठभागावर गोळा होतात. मेथॅक्रिलिक आम्ल पाण्यात तितके रमत नाही, त्यामुळे त्याचा बराच भाग कणाच्या आत गाडला जातो. उलट अ‍ॅक्रिलिक आम्ल एकदम ओतले, तर त्यातले काही कणापर्यंत न पोहोचता पाण्यातच स्वतंत्र पॉलिमर होऊन बसते, आणि तेच पुढे ओल धरते. रिअ‍ॅक्टरमध्ये (रासायनिक क्रियेच्या टाकीत) ते कधी आणि किती वेगाने सोडले, याला म्हणूनच महत्त्व आहे.

अमोनिया घालून सामू ८-९ पर्यंत नेला की हे गट ऋणभारित होतात, कण परस्परांना दूर लोटतात, त्यांच्याभोवती पाण्याचा फुगीर थर धरतो आणि दुधासारखे पातळ लॅटेक्स डोळ्यांदेखत घट्ट होऊ लागते. रंग वाळताना अमोनिया उडून जातो आणि ते गट पुन्हा आम्लरूपात येऊन पाण्यापासून बरेचसे अलिप्त होतात. कॉस्टिक सोडा वापरला, तर सोडियमचे क्षार थरातच राहतात. लेखातला आक्षेप तिथे लागू पडतो. (रोगनिदान-चाचण्यांच्या लॅटेक्समध्ये तर याच कार्बोक्सिल गटांवर प्रतिपिंडे बांधतात, तिथे त्यांना कोणी दोष देत नाही.)

तेव्हा वाचकांना ‘जलस्नेही घटक नसलेला रंग घ्या’ असे सांगण्याऐवजी, ओल्या ब्रशने घासण्याच्या चाचणीत तो रंग किती टिकला, हे दुकानदाराला विचारायला सांगावे.

आपला,
इमल्शन पॉलिमर उद्योगातील एक निवृत्त रसायनतज्ज्ञ, डोंबिवली