काका, तुमची खरडलेली पेपरची कड अजून जपून ठेवलीय

ती. काकांस,
सा. न.

तुम्ही रोज सकाळी वाचनालयात पेपर वाचायला येणारे, मी देवघेवीच्या टेबलावर बसणारी. आपली ओळख एवढीच. तरी हे पत्र चारचौघांत लिहितेय, कारण चार महिने मी तुम्हाला चारचौघांतच सुनावत होते: वाचनालयाच्या नोंदी एक्सेलमध्ये चालतात, तर ॲक्सेस हवंच कशाला?

ॲक्सेस म्हणजे एकमेकांना जोडलेल्या तक्त्यांत नोंदी ठेवायचा प्रोग्राम. त्याच्या क्लासला मला कार्यकारिणीनं घातलं होतं. तिथं नॉर्थविंड नावाची एक नमुना कंपनी असते. तिच्या मालाच्या यादीत पहिलंच नाव 'चाय', आणि गिऱ्हाइकं बर्लिन-लंडनची! टेबल, क्वेरी, फॉर्म, रिपोर्ट, सगळं पाढ्यांसारखं पाठ केलं. पण हे शिकून मी करू काय, ते कुणी सांगेना. आमची पुस्तकं अकरा हजार. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी बसतात. हा आकडा मी तुमच्यावर फेकला, तेव्हा तुम्ही चष्मा काढलात आणि विचारलंत, "ओळी किती बसतात ते राहू दे. एका सभासदाचा फोन नंबर तू किती ठिकाणी लिहितेस?"

मोजलं. ३७ ठिकाणी. पुस्तक नेलं की नाव, पत्ता, फोन पुन्हा. नऊ ओळींत जुनाच नंबर, आणि 'कुलकर्णी'मधला 'णी' कुठं पहिला, कुठं दुसरा.

मग तुम्ही पेपरच्या कोऱ्या कडेवर चार चौकोन, म्हणजे चार वेगळे तक्ते, काढलेत: सभासद, पुस्तक, प्रत, देवघेव. पुस्तक आणि प्रत वेगळी कशाला, यावर मी दोन दिवस भांडले. माहिती अशी जोडलेल्या तक्त्यांत मांडायची कल्पना देणाऱ्या आयबीएमच्या कॉडसाहेबांचं तुम्ही आणि त्यांच्या १९७० च्या लेखाचं नाव कुलदैवतासारखं घेत होतात. त्यानं माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. शिरलं ते कपाटापाशी. एका कादंबरीच्या आपल्याकडे चार प्रती, चार दाखल क्रमांक. माझ्या शीटमध्ये नावापुढं 'दिले' लिहिलेलं, म्हणून मी एका आजींना परत पाठवलं होतं, आणि तीन प्रती तिथंच धूळ खात होत्या. लेखक-प्रकाशक एकदाच लिहायचा, बाहेर जाते ती प्रत. एवढंच होतं की ते!

'रेफरेन्शियल इंटिग्रिटी'च्या (जिला दुसऱ्या तक्त्यातल्या नोंदी जोडलेल्या आहेत ती नोंद पुसू न देण्याच्या) चौकोनात तुम्ही टिक करायला लावलंत, त्याखालच्या 'कॅस्केड डिलीट'ला (जोडलेल्या नोंदीही आपोआप पुसण्याला) मात्र हात लावू दिला नाहीत. गेल्या महिन्यात गाव सोडून गेलेल्या एका सभासदाचं नाव काढायला गेले, तर ॲक्सेसनं साफ नकार दिला: देवघेवीत याच्या नोंदी आहेत. बघते तर दोन पुस्तकं परतच आलेली नव्हती. अनामत परत करायचं पाकीट तयार होतं, काका. एक्सेलनं मुकाट्यानं ओळ पुसू दिली असती.

सगळं गोड झालं असं नाही. जुन्या फाँटमधल्या नोंदी युनिकोडमध्ये येईनात, तेव्हा पावसाळाभर हातानं टाइप केल्या. त्या दिवसांत तुमच्या नावानं काय काय म्हटलं, ते इथं लिहीत नाही.

मार्चअखेरच्या अहवालासाठी परवा थकलेल्या पुस्तकांची क्वेरी चालवली. तिसऱ्या ओळीत तुमचं नाव आलं, ५२ दिवस. दंड माफ करायचा अधिकार मला नाही. सोमवारी येताना पुस्तक घेऊन या, चहा माझ्याकडून.

तुमची,
देवघेवीच्या टेबलावरची