सुभ्या, आधी दात बघ

अमळनेर
दत्तजयंतीच्या आधीचा रविवार

प्रिय सुभ्या,

काय भो, दीड महिना फोन नाही आणि परवा एकदम टांझानियातून, दार-ए-सलामहून, व्हॉट्सॲपवर जपानहून मागवायच्या जुन्या टोयोटा हॅरियरचे अकरा फोटो? त्यातले चार तर नुसत्या स्टिअरिंगचे. खाली एक ओळ, "घेऊ का?" फोनवर सांगायला लागलो की तू मधेच वहिनीच्या हातात फोन देतोस, म्हणून हे लांबलचक लिहितोय. जेवण झाल्यावर शांतपणे वाच.

आज पहाटे चुलतभावाबरोबर सारंगखेड्याला जाऊन आलो. यात्रा अजून भरायची आहे, पण तापीकाठी घोडे उतरायला लागलेत. भाऊला घोडी घ्यायची आहे. एक पांढरीशुभ्र घोडी त्याच्या मनात भरली. मालक म्हणे चार वर्षांची. शेजारी एक म्हातारा बिडी ओढत बसला होता. तो उठला, घोडीचा ओठ वर केला, दात बघितले आणि परत जाऊन बसला. भाऊनं विचारलं, "काय बाबा?" तो म्हणाला, "चार नही, सात." बस. तिथंच मला तुझे अकरा फोटो आठवले.

फोटोत सगळ्याच गाड्या चमकतात रे. तू फोटो मागू नकोस, लिलावाचा कागद माग. जपानातून बाहेर जाणाऱ्या जुन्या गाड्या बहुतेक लिलावातून उचललेल्या असतात. बोली लागण्याआधी लिलावघराचा माणूस गाडी फिरून बघतो आणि एक पान भरतो. ते पान म्हणजे दात. वर कोपऱ्यात श्रेणी असते. ४ किंवा ४.५ असेल तर डोळे मिटून पुढे वाच, ३.५ असेल तर डोळे उघडे ठेवून. तिथं आकड्याऐवजी 'आर' किंवा 'आरए' असेल तर गाडी कुठंतरी ठोकून मग दुरुस्त केलेली आहे. खाली गाडीचं चित्र असतं, त्यावर बारीक अक्षरं. 'ए' म्हणजे ओरखडा, 'यू' म्हणजे पोचा, 'एस' म्हणजे गंज, आणि 'डब्ल्यू' म्हणजे तिथला पत्रा आधीच कुणीतरी सरळ करून रंगवलेला. अक्षराशेजारचा आकडा जितका मोठा तितकं दुखणं मोठं. बाजूला जपानीत हातानं लिहिलेला मजकूर असतो, विकणारा त्याचं भाषांतर मुद्दाम अर्धवट देतो. फोनचा कॅमेरा धरून ते स्वतः वाच. गंजाची अक्षरं जास्त दिसली तर गाडी उत्तरेकडची, होक्काइदोसारख्या बर्फाच्या मुलखातली असेल. तिकडे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर क्षार टाकतात आणि ते खालून पत्रा खातात. वरून नवरी, खालून चाळणी.

तू विचारशील, एवढ्या चांगल्या गाड्या ते लोक विकतात कशाला? त्यांच्याकडे 'शाकेन' नावाची सक्तीची तपासणी असते. नव्या गाडीला पहिल्यांदा ३ वर्षांनी, मग दर २ वर्षांनी, आणि ती महागात पडते. पेट्रोलच्या गाडीला १३ वर्षं झाली की करही वाढतो. मग माणूस म्हणतो, जाऊ दे. आपल्याकडे रावेरला तेवढ्याच वयाची गाडी अजून केळी वाहत असते, ती गोष्ट वेगळी.

आता पैशाचं. तुझ्या फोटोखाली जी किंमत आहे ती जपानच्या धक्क्यावरची. त्यात जहाजाचं भाडं आणि विमा मिळवला की जो आकडा येतो, त्यावर तुझ्या तिथला कर बसतो. समज तो आकडा १०० आहे. आयात शुल्क २५, झाले १२५. त्यावर अबकारी. १००० ते २००० सीसीला ५ टक्के, त्याच्यावरच्या इंजिनाला १०. मग या सगळ्या बेरजेवर १८ टक्के व्हॅट. म्हणजे १५०० सीसीची, सात वर्षांची गाडी १०० ची जवळपास १५५ ला पडते. पण गाडीनं आठ वर्षं ओलांडली की अबकारीत आणखी १५ टक्के, दहा ओलांडली की ३०. तुझी ती हॅरियर २४०० सीसीची आणि दहाच्या कितीतरी पुढची. करून बघ हिशेब, १०० चे २०६ होतात. किरकोळ फिया वेगळ्याच. आणि तू बिल कितीचं दाखवतोस याला तिथं फारशी किंमत नाही, महसूल खात्याची स्वतःची किंमत ठरलेली असते. त्यांच्या संकेतस्थळावर मॉडेल आणि साल टाकलं की कर दिसतो. पैसे पाठवायच्या आधी ते बघायचं, नंतर नाही. आकडे जुलैपासून बदलूही शकतात, नवं आर्थिक वर्ष तेव्हा लागतं.

मग दारमध्ये जो तो जुनी टोयोटा आयएसटी का चालवतो, असं म्हणशील. कारण मुळातली किंमत कमी, दुप्पट झाली तरी झेपते, आणि गेरेझानीच्या पार्ट्सच्या बाजारात तिचा कुठलाही पार्ट हात घातला की मिळतो. हॅरियरवर तुझं मन गेलंय ते मला कळतं. शाळेत असतानाही तू सायकल घंटीवरून निवडली होतीस.

माझं स्वतःचं सांगतो. २०१७ मध्ये, दारला असताना, मी पहिली गाडी मागवली, टोयोटा विट्झ. सेठच्या यार्डात दोन वर्षं गाड्या उतरवून घेत होतो, म्हणजे मला सगळं कळतं असा माझा समज. कागदावर 'एच १९' लिहिलेलं. जपानी पंचांगात हेइसेई १९ म्हणजे २००७. मी खूश, दहा वर्षं बरोब्बर, दहाच्या वर नाही. गाडी बंदरात लागली आणि एजंट म्हणाला, साहेब, २००७ ला पासिंग झालं, बनली २००६ ला. कर बनल्याच्या सालावर. एका वर्षानं मी जादा अबकारीच्या खड्ड्यात. त्यात भर म्हणजे विकणाऱ्यानं मूळ बिल ऑफ लेडिंग, म्हणजे गाडी जहाजावर चढवल्याचा कागद, कुरिअरनं उशिरा पाठवलं. जहाज येऊन बसलं, कागद विमानात. मूळ कागदाशिवाय गाडी सुटत नाही आणि बंदराचं भाडं रोज चढतं. तुझ्या वहिनीनं बांगड्या काढून दिल्या तेव्हा विट्झ घरी आली. त्या बांगड्या परत करायला मला पुढची दिवाळी लागली. म्हणून सांगतो, बनावटीचं साल लेखी घे, आणि कागद जहाजाच्या आधी पोचतील असं बघ.

जहाजाचं फार डोक्यात घेऊ नकोस. गाडी चालवत आत नेतात आणि चालवत बाहेर काढतात ते रोरो जहाज स्वस्त. कंटेनर तीन-चार जण मिळून केला तरच परवडतो. रोरोत गाडीच्या आत काही ठेवू द्यायचं नाही. जॅक आणि स्टेपनी आहे का, हे ताबा घेताना पहिलं बघ. माझा जॅक कुठल्या समुद्रात गेला कुणास ठाऊक. महिना-दीड महिना धर, जहाज वाटेत थांबत आलं तर दोन.

पैसे बँकेतून पाठव, आणि कंपनीच्याच नावाच्या, जपानमधल्याच खात्यात. "भावाच्या खात्यात टाका, पाच टक्के कमी करतो" असं कुणी म्हटलं की फोन ठेवून द्यायचा. धुळ्याच्या बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा होतो हे खरं, पण तिथं बैल समोर उभा असतो.

आणि हो, बापूंनी तुला फोन केला होता म्हणे, "तिकडून माझ्यासाठीही एक अल्फार्ड पाठव." त्यांना माझं नाव सांग. आपल्या देशात तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी आणता येत नाही, त्याहून नवी आणली तरी उतरते ती फक्त मुंबई बंदरात, वर कर असा की त्यात इथं नवी कोरी येईल. मी हे त्यांना गेल्या भरिताच्या पार्टीत समजावलं होतं. ते "हो हो" म्हणाले आणि कळण्याची भाकरी मोडत राहिले.

गाडी आली की आरशांवर आणि दिव्यांवर नंबर कोरून घे, नाहीतर एका रात्रीत जातील. नंबरची नवी मालिका मिळाली म्हणून तिथली पोरं मिरवतात, तू मिरवू नकोस. एमएच १९ वाला माणूस तू.

लिलावाचा कागद हाती आला की मला पाठव, मगच पैसे. भाऊची घोडी राहिली. पुढच्या रविवारी परत जाणार आहोत, त्या म्हाताऱ्याला बरोबर घेऊन.

वहिनींना नमस्कार, पोराला पापा.

तुझाच,
प्रकाश

ता. क. रेडिओचं सांगायचं राहिलं. जपानी गाडीचा एफएम ७६ ला सुरू होऊन ९० च्या आसपास संपतो, दारमधली बरीच स्टेशनं त्याच्या वर असतात. किरकोळ काम आहे, बँड बदलणारा डबा बसवून घे. मी कंजूषपणा केला. मग चावी फिरवली की एक जपानी बाई बोलायची, टोलचं कार्ड घातलेलं नाही म्हणून, आणि दुसरं काहीच लागायचं नाही. तुझी वहिनी तिला रोज सकाळी न चुकता म्हणायची, "हो गं माय, घालतो."